ग्रिफिन ओळखायचा कसा? नवख्यांसाठी वाटाड्या

राजापुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला गेलात की होडी थेट मुख्य दरवाजाला लागते. पायरीवर पाय टाकायच्या गडबडीत बाजूच्या भिंतीवरचं शिल्प बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. पंजांत हत्ती दाबलेला, शेपटी वर उचललेला, डोळे वटारलेला एक प्राणी तिथे कोरलाय. काही वर्षांपूर्वी आमच्या दुर्गप्रेमी मंडळींच्या छायाचित्र प्रदर्शनात मी त्याचा फोटो लावला आणि खाली पाटी लिहिली, ‘जंजिऱ्याचा ग्रिफिन’. दोन दिवस शेकडो लोकांनी ती पाटी वाचली. तिसऱ्या दिवशी मूर्तिशास्त्राचा अभ्यास असलेल्या एक काकू आल्या, फोटोसमोर बराच वेळ थांबल्या आणि मला एवढंच म्हणाल्या, “चोच कुठे आहे रे याला?”

चोच नव्हती. आणि ग्रिफिन म्हणजे तर गरुडाच्या डोक्याचा, सिंहाच्या धडाचा कल्पित प्राणी. मी पाटी काढली, पण प्रश्न मनातून गेला नाही. ग्रिफिन म्हणजे नेमकं काय, आपल्या किल्ल्यांच्या दारांवरचा शरभ त्याच्याहून वेगळा कशावरून, आणि लंडनला असलेला माझा भाचा ज्याचे फोटो ‘मामा, बघ ग्रिफिन’ म्हणून पाठवतो तो तरी खरा ग्रिफिन आहे का, हे समजून घ्यायला मला बरीच वर्षं लागली. माहितीला तोटा नाही. पण ड्रॅगन, गरुड, शरभ, व्याल सगळे एकाच टोपलीत घातलेले असतात आणि वाचणारा आणखी गोंधळतो. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून मी ज्या क्रमाने शिकलो असतो तर बरं झालं असतं, त्या क्रमाने हे लिहितोय.

निघण्याआधी: बरोबर काय हवं

- वही आणि पेन्सिल. फोटो काढलात तरी वहीत रेखाटन कराच. हात चालायला लागला की डोळा नीट बघतो. शेपटी कुठून निघाली, पंखाचं मूळ खांद्यावर आहे की पाठीवर, हे चित्र काढतानाच लक्षात येतं.
- छोटी दुर्बीण. तोरणावरची, छताखालची, इमारतीच्या कोपऱ्यावरची शिल्पं तिच्याशिवाय वाचता येत नाहीत.
- टॉर्च. झिजलेल्या दगडावर प्रकाश समोरून मारू नका, बाजूने अगदी तिरपा मारा. पुसट पिसंसुद्धा उठून दिसतात. उघड्यावरच्या शिल्पाला सकाळ-संध्याकाळचं कललेलं ऊन हेच काम करतं. भर दुपारी गेलात तर काहीच हाती लागत नाही. संग्रहालयात मात्र टॉर्च लावण्याआधी विचारून घ्या.
- फोन. संग्रहालयात वस्तूचा फोटो काढलात की लगेच तिच्या पाटीचाही काढा, त्यावरच्या नोंदणी क्रमांकासकट. घरी आल्यावर तीस फोटोंतला कुठला कशाचा, हे त्याशिवाय कळत नाही.

एक कळकळीची विनंती. शिल्प उठून दिसावं म्हणून त्यावर खडू, पीठ, तेल, पाणी यातलं काहीही लावू नका. दगडाच्या छिद्रांत बसलेलं तेल निघत नाही, त्यावर धूळ चिकटते आणि कोरीवकाम कायमचं बुजतं. हे प्रकार मी किल्ल्यांवर डोळ्यांनी पाहिलेत आणि दर वेळी जीव तुटतो.

१. नाव सुचलं तरी गिळा, आधी अवयव लिहा

समोर विचित्र प्राणी दिसला की पहिलं नाव तोंडात येतं ते बहुधा एखाद्या खेळातलं किंवा सिनेमातलं असतं. ते लिहू नका. वहीत एकाखाली एक लिहा: तोंड, कान, मान, पंख, पुढचे पाय, मागचे पाय, शेपटी, पायाखाली किंवा पंजात काय आहे. प्रत्येकासमोर दिसतं तेवढंच टिपा. तुटलेलं असेल तर ‘तुटलेलं’ लिहा, मनाने जोडू नका.

आता ग्रिफिनची मूळ व्याख्या. धड सिंहाचं, डोकं आणि पंख गरुडाचे. चोच हवीच. बाकीच्या गोष्टी काळ आणि मुलूख बदलेल तशा बदलतात, आणि खरा गोंधळ तिथेच होतो.

२. कान आणि पाय नीट बघा

नवखा माणूस चोच आणि पंख बघून थांबतो. जाणकाराची नजर कानांकडे आणि पायांकडे जाते.

गरुडाला बाहेर दिसणारे कान नसतात. ग्रिफिनला बहुधा असतात, टोकदार आणि ताठ उभे. त्यामुळे नुसतं चोचीचं डोकं शिल्लक राहिलेलं असलं तरी गरुड की ग्रिफिन हे कानावरून सांगता येतं. ग्रीसमध्ये ऑलिंपिया आणि सामोस इथे इ.स.पू. ७व्या शतकातल्या मोठ्या काशाच्या कढयांना लावलेली ग्रिफिनची डोकी सापडली आहेत. लांब मान, सशासारखे उभे कान, कपाळावर गाठ, चोच उघडी आणि आत जीभ वळलेली. एक डोकं नीट बघितलंत की ग्रीक ग्रिफिन पुन्हा कुठेही चुकत नाही.

पायांचं असं आहे: जुन्या पूर्वेकडच्या आणि ग्रीक चित्रांत चारही पाय सिंहाचे असतात. मध्ययुगीन युरोपातल्या घराण्यांच्या ढालींवर पोचेपर्यंत पुढचे दोन पाय गरुडाचे झाले, खवल्यांचे आणि नखं वळलेली. मागचे दोन सिंहाचे राहिले. म्हणजे पुढचा अर्धा पक्षी आणि मागचा अर्धा सिंह. ढालीवर तो मागच्या पायांवर उभा आणि पंख उघडलेला दिसतो.

सगळ्यात फसवणारा प्रकार इराणी आहे. सूसा इथल्या हखामनी राजवाड्याच्या रंगीत चकचकीत विटांची भिंत आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. तिच्यावरच्या प्राण्याचं तोंड सिंहाचं, शिंगं मेंढ्याची, पुढचे पाय सिंहाचे आणि मागचे पाय गरुडाचे आहेत. म्हणजे युरोपी ग्रिफिनच्या बरोबर उलट. अभ्यासक त्याला सिंह-ग्रिफिन म्हणतात. तुम्हीही वहीत तसंच वेगळं लिहा, नुसतं ‘ग्रिफिन’ लिहू नका.

३. काळ आणि मुलूख विचारा

अवयव टिपले की पुढचा प्रश्न: हे कुठलं आणि कधीचं? इराणच्या नैऋत्येला असलेल्या एलाममध्ये आणि प्राचीन इजिप्तमध्ये असे मिश्र प्राणी इ.स.पू. ३००० च्या आसपास किंवा त्याही आधी दिसतात. म्हणजे ग्रिफिन ही ग्रीकांची कल्पना, असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. ग्रीकांकडे तो बराच नंतर आला, नाव मात्र त्यांचं टिकलं.

क्रीट बेटावर नोसस इथे आर्थर इव्हान्स यांनी १९०० मध्ये खोदकाम सुरू केलं आणि सिंहासनाच्या दालनात दोन्ही बाजूंना बसलेल्या ग्रिफिनांची भित्तिचित्रं मिळाली. या ग्रिफिनांना पंखच नाहीत! डोक्यावर मोरासारखा तुरा आहे, चोच आहे, धड सिंहाचं आहे. म्हणून मी वर ‘चोच हवीच’ म्हटलं, ‘पंख हवेतच’ म्हटलं नाही. इथे आणखी एक सापळा आहे. आज नोससच्या भिंतीवर जे दिसतं ते विसाव्या शतकात पुन्हा रंगवलेलं आहे. मूळ तुकडे बघायचे तर हेराक्लिऑनच्या संग्रहालयात जावं लागतं. भिंतीच्या फोटोखाली ‘साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं चित्र’ असं लिहिलंत तर ते खोटं ठरेल.

मध्य आशियापासून युक्रेनपर्यंत पसरलेल्या शक आणि त्यांच्या भाऊबंद टोळ्यांकडे ग्रिफिन बसलेला नसतो, तो झडप घालतो. युक्रेनमध्ये १९७१ साली तोव्स्ता मोहिला या दफनटेकडीत मिळालेला सोन्याचा गळपट्टा बघा. खालच्या पट्टीत ग्रिफिन घोड्यांना फाडतायत आणि वरच्या पट्टीत माणसं शांतपणे मेंढीचं दूध काढतायत. एकाच दागिन्यात दोन्ही. मी त्याचा मोठा केलेला फोटो तासभर बघत बसलो होतो, घोड्याच्या मानेवर रुतलेली नखं आणि घोड्याच्या ताणलेल्या शिरा मोजता येतात.

४. नातेवाईकांतून वेगळा काढा

ही पायरी सर्वांत मोठी, कारण चुका इथेच होतात.

लंडनचा ‘ग्रिफिन’. फ्लीट स्ट्रीट आणि स्ट्रँड जिथे मिळतात तिथे टेम्पल बार या जुन्या वेशीचं १८८० सालचं स्मारक आहे. वरच्या प्राण्याला लंडनकर पिढ्यान्‌पिढ्या ग्रिफिन म्हणत आलेत. भाच्याने पाठवलेला फोटो याचाच होता. पंख मोठे करून बघा: पिसं नाहीत, वटवाघळासारखं कातडं आहे. अंगावर खवले आहेत. तो ड्रॅगन आहे. लंडनच्या जुन्या ‘सिटी’च्या हद्दीवर लाल क्रुसाची ढाल धरून बसलेले प्राणीही ड्रॅगनच. नियम सोपा: पंखावर पिसं नसतील तर तो ग्रिफिन नाही.

सेंट पीटर्सबर्गचा बँक पूल. झुलत्या पुलाच्या साखळ्या तोंडात धरून बसलेले, सोनेरी पंखांचे चार प्राणी. १८२६ सालचे आहेत. प्रवासी माहितीत सर्रास ‘ग्रिफिन’ लिहितात. चोच नाही, आयाळ आहे. ते पंखांचे सिंह आहेत.

मुंबईच्या अग्यारीचा पहारेकरी. फोर्टमध्ये माणेकजी सेठ अग्यारीच्या दाराशी पंखांचे, माणसाच्या तोंडाचे, दाढीवाले बैल आहेत. त्यांचं घराणं मेसोपोटेमियातल्या लमासूचं, इराणी राजवाड्यांमार्गे आलेलं. माणसाचं तोंड दिसलं की ग्रिफिनचा विचार सोडून द्या. बैलाचं धड असेल तर लमासू, सिंहाचं असेल तर बहुधा स्फिंक्स.

हिपोग्रिफ. पुढून ग्रिफिन, मागून घोडा. मागच्या पायाला खूर असेल तर हा. इटालियन कवी आरिओस्तोच्या १५१६ सालच्या महाकाव्यामुळे तो लोकांना माहीत झाला. त्याला तीन हजार वर्षांचा इतिहास चिकटवू नका.

गरुड. आपल्याकडचा गरुड बहुतेक वेळा माणसाच्या धडाचा असतो, हात जोडलेला, कधी विष्णूला खांद्यावर घेतलेला. सिंहाचा त्याच्याशी संबंध नाही. ‘ग्रिफिन म्हणजे पाश्चात्त्यांचा गरुड’ हे वाक्य फार फिरतं. दोघांच्या चोचीपलीकडे त्याला आधार नाही.

गंडभेरुंड. दोन डोक्यांचा पक्षी. हाही चोचीत आणि नखांत हत्ती धरतो, म्हणून शरभाशी गल्लत होते. विजयनगरच्या अच्युतरायाच्या नाण्यांवर तो आहे, म्हैसूरच्या वडियारांचं ते राजचिन्ह होतं आणि आज कर्नाटक राज्याच्या बोधचिन्हात मधोमध तोच आहे. डोकी मोजली की प्रश्न मिटतो.

व्याल. मंदिरांच्या खांबांवर मागच्या पायांवर उभा राहिलेला, कधी सिंहमुखी तर कधी हत्तीच्या सोंडेचा. सोंडवाल्याला गजव्याल म्हणतात. चोच आढळली तर शुकव्याल, म्हणजे पोपटाच्या तोंडाचा. हा प्रकार ग्रिफिनच्या फार जवळ जातो, पण त्याला स्वतःचं नाव आहे. तेच वापरा.

आता शरभ. महाराष्ट्रात फिरणाऱ्याला याच्याशीच काम पडतं, म्हणून जरा सविस्तर. पुराणातली कथा अशी: हिरण्यकशिपूला फाडल्यावरही नरसिंहाचा राग शमेना, तेव्हा शिवाने शरभाचं रूप घेऊन त्याला आवरलं. वर्णनात सिंह आणि पक्षी एकत्र आहेत, आठ पाय आहेत, पंख आहेत. तमिळनाडूत दारासुरमच्या चोळकालीन ऐरावतेश्वर मंदिरात या रूपातली मूर्ती बघायला मिळते. म्हणजे पुस्तकातला शरभ ग्रिफिनच्या बराच जवळ वाटतो.

पण आपल्या किल्ल्यांच्या दारावरचा शरभ वेगळाच आहे. त्याला चारच पाय असतात. तोंड सिंहाचं, जबडा उघडा, दात दिसणारे, डोळे बटबटीत, आयाळीच्या गुंडाळ्या, शेपटी पाठीवर वळलेली. पंख कधी असतात आणि तेही खांद्यापाशी लहानसे, बऱ्याचदा नसतातच. पंजाखाली हत्ती. जंजिऱ्याला हे आहे, रायगडावर नगारखान्याच्या दरवाजावर आहे, आणखी कितीतरी गडांवर आहे. दारावर बलाढ्य प्राणी कोरून त्याच्या पायाखाली हत्ती दाबायचा, यातून ‘आमच्यापुढे कुणी टिकत नाही’ हे येणाऱ्याला सांगायचं असावं, असा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. कुठला हत्ती म्हणजे कुठली राजवट, हे मात्र होडीवाले आणि गाईड प्रत्येकी वेगळं सांगतात. ते ऐका, वहीत ‘ऐकीव’ म्हणून लिहा, पाटीवर घालू नका. हत्ती किती आणि कुठल्या पंजात, हे मात्र स्वतः मोजून लिहा.

मूळ मुद्दा हा की या प्राण्याला त्याच्या मातीतलं नाव आहे आणि गोष्टही आहे. त्याला ग्रिफिन म्हटलं की ती गोष्ट पुसली जाते. मी ती चूक केलीय म्हणून पोटतिडकीने सांगतोय.

५. शब्दाचा माग काढा

मूळ ग्रीक शब्द ‘ग्रिप्स’. ग्रीकमध्ये ‘ग्रिपोस’ म्हणजे बाकदार, त्याच्याशी तो जोडतात, कारण चोच बाकदार. दुसरं मत असं की तो पूर्वेकडून आला, अक्कादी ‘करूबु’ आणि हिब्रू ‘करूब’ या पंखधारी रक्षकांच्या नावांच्या कुळातला. निकाल लागलेला नाही, दोन्ही मतं लिहून ठेवा. लॅटिन आणि फ्रेंचमधून इंग्रजीत येताना त्याची तीन स्पेलिंगं झाली: ग्रिफिन, ग्रिफॉन आणि वाय-पीएचवालं ग्रिफन. ऑनलाइन शोधताना तिन्ही टाकून बघा, नाहीतर निम्मी माहिती सापडणारच नाही.

शोधताना पुढचे सापळे लागतील.

पक्ष्यांच्या पुस्तकात ‘ग्रिफॉन’ दिसला तर ते गिधाड आहे. युरेशियन ग्रिफॉन, हिमालयीन ग्रिफॉन वगैरे. त्या प्रजातीचं (इंग्रजीत ‘जीनस’) शास्त्रीय नाव ‘जिप्स’ हे ग्रीक ‘गिप्स’ म्हणजे गिधाड यावरून आलं. ‘गिप्स’ आणि ‘ग्रिप्स’ यांत एका रकाराचा फरक आहे आणि तो मोठा आहे. ग्रिफॉन नावाची दाढी-मिशीवाली कुत्रीही असतात, ती आली तर पुढे सरका.

स्वीडनचं ‘ग्रिपेन’ लढाऊ विमान म्हणजे स्वीडिश भाषेत ग्रिफिनच. ट्रक बनवणाऱ्या स्कॅनियाच्या चिन्हावर मुकुट घातलेलं ग्रिफिनचं डोकं आहे, ते दक्षिण स्वीडनच्या स्कोने प्रांताकडून आलं. ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल गाड्यांवरचा ग्रिफिन १३व्या शतकातल्या फॉक्स द ब्रेओते या सरदाराचा. त्याच्या वाड्याला ‘फॉक्सचा हॉल’ म्हणत, त्यावरून व्हॉक्सहॉल.

आणि एक अर्थ खास आपल्याकडचा. कंपनी सरकारच्या काळात विलायतेहून नवा आलेला, इथलं काहीच न कळणारा गोरा अधिकारी म्हणजे ‘ग्रिफिन’. पहिलं वर्ष सरेपर्यंत तो ग्रिफिनच. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ सालच्या अँग्लो-इंडियन शब्दकोशात हा शब्द नोंदलाय आणि तो असा का पडला हे त्यांनाही उलगडलेलं नाही. हाँगकाँगच्या घोड्यांच्या शर्यतीत आधी कधीही न पळालेल्या नव्या घोड्याला आजही ‘ग्रिफिन’च म्हणतात. तेव्हा मुंबई-मद्रासच्या जुन्या इंग्रजी पत्रांत ‘दोन ग्रिफिन जेवायला आले होते’ असं वाचलंत तर दचकू नका.

मराठीत काय म्हणावं? कुणी ‘गरुडसिंह’ लिहितात. समजावून सांगताना एकदा वापरायला हरकत नाही. पण नाव म्हणून ‘ग्रिफिन’च ठेवा, वाचणाऱ्याला पुढे शोधता येतं.

६. गोष्ट कुणाची ते तपासा

‘ग्रिफिन भारतातल्या सोन्याची राखण करत’ हे वाक्य तुम्हाला हमखास भेटेल. ते कुठून आलं? इ.स.पू. ५व्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहिलं की युरोपच्या पार उत्तरेला ग्रिफिन सोनं राखतात आणि एका डोळ्याचे अरिमास्पी लोक ते चोरतात. एका डोळ्याची माणसं असतात यावर आपला विश्वास नाही, हेही त्याने तिथेच सांगितलंय. त्याच्या लेखी भारतात सोनं उकरणाऱ्या मुंग्या आहेत, ग्रिफिन नाहीत. ग्रिफिन भारतात आणले क्टेसियसने. हा इराणी सम्राट दुसऱ्या अर्तक्षत्राच्या दरबारातला ग्रीक वैद्य. भारतात न येताच त्याने भारतावर ग्रंथ लिहिला. त्यात ग्रिफिन म्हणजे लांडग्याएवढे चार पायांचे पक्षी, पंजे सिंहाचे, पिसं काळी आणि छाती तांबडी. म्हणजे ही भारतीय दंतकथा नव्हे. इराणी दरबारात ऐकलेली भारताविषयीची ग्रीक गोष्ट आहे. लिहिताना तसंच लिहा.

दुसरं फिरतं वाक्य: ‘ग्रिफिन म्हणजे खरं तर डायनोसॉरचे सांगाडे’. गोबीच्या वाळवंटात प्रोटोसेराटॉप्स या चोचीच्या, चार पायांच्या डायनोसॉरचे जीवाश्म मिळतात. ते सोनं शोधणाऱ्या शकांनी पाहिले आणि त्यातून ग्रिफिन जन्मला, अशी मांडणी एड्रियन मेयर यांनी केली. ऐकायला गोड आहे आणि मीही वर्षभर सगळ्यांना हेच सांगत होतो. अडचण अशी की ग्रिफिनची चित्रं ग्रीकांची मध्य आशियाशी ओळख होण्याच्या कितीतरी आधीची आहेत. शिवाय मार्क विटन आणि रिचर्ड हिंग यांनी २०२४ मध्ये दाखवून दिलं की सोन्याच्या जागा आणि या जीवाश्मांच्या जागा शेकडो किलोमीटर अंतरावर आहेत. हे ‘एक मत, ज्यावर जोरदार आक्षेप आहेत’ असंच सांगा.

खऱ्या वस्तूतून खोटा ग्रिफिन कसा बनतो हे बघायचं तर ब्रिटिश म्युझियममधलं एक शिंग बघा. लांब, बाकदार, अंगावर गाठीगाठी, टोकाला निमुळतं. रानबोकडाचं आहे. पण त्याच्या चांदीच्या पट्टीवर लॅटिनमध्ये कोरलंय की हे ग्रिफिनचं नख, डरहॅमच्या संत कथबर्टला अर्पण. युरोपातल्या चर्चमध्ये अशी ‘नखं’ भक्तिभावाने जपलेली असत, शहामृगाची अंडी ‘ग्रिफिनची अंडी’ म्हणून ठेवलेली असत. ते शिंग हातात धरणाऱ्याला शंका का आली नसेल? रानबोकड त्याने कधी पाहिलाच नव्हता.

७. पाहायला कुठे जायचं

लंडनमध्ये असाल तर ब्रिटिश म्युझियमच्या प्राचीन इराणच्या दालनात ऑक्सस खजिन्यातलं सोन्याचं कडं बघा. दोन्ही टोकांना शिंगवाले ग्रिफिन समोरासमोर, अंगावर आज रिकामे असलेले खळगे. त्यांत कधीकाळी रंगीत खडे जडवलेले होते. याची जोडी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संग्रहातली आहे. दोन्ही एकाच दिवशी बघितलीत तर उत्तम.

इराणला जाणं झालं तर पर्सेपोलिसमध्ये पाठीला पाठ लावलेल्या दोन ग्रिफिनांचा स्तंभशीर्ष आहे. इराण एअरच्या विमानांच्या शेपटीवरचं चिन्ह त्यावरूनच घेतलंय आणि इराणी लोक त्याला ‘होमा’ म्हणतात. फारसी परंपरेतला हुमा हा स्वतंत्र, मंगल पक्षी आहे. नाव त्या पक्ष्याचं असलं तरी दगडातला प्राणी ग्रिफिन आहे.

इटलीत पिसाचा काशाचा ग्रिफिन चुकवू नका. इस्लामी कारागिरांनी ११व्या शतकाच्या सुमारास घडवलेला, मीटरभर उंच, अंगभर कोरीव पिसं आणि कूफी या जुन्या अरबी लिपीत आशीर्वचन. शेकडो वर्षं तो ख्रिस्ती कॅथेड्रलच्या छतावर उभा होता, १८२८ मध्ये खाली उतरवला. आता तिथल्याच संग्रहालयात आहे.

भारतात सांची. पहिल्या स्तूपाच्या तोरणांवर पंखांचे प्राणी आहेत आणि दक्षिणेच्या तोरणावर राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याचा दानलेख आहे. आपल्या सातवाहनांच्या पदरचा कारागीर आणि इराणकडून आलेली प्राण्याची घडण एकाच आवारात भेटतात. दुर्बीण इथे हवीच. मी पाहिलेल्या बहुतेकांचं तोंड सिंहाचं आहे, म्हणून मी ‘पंखधारी सिंह’ लिहितो. अशा कल्पित प्राण्यांना आपल्याकडे ‘ईहामृग’ हा सुंदर शब्द आहे. तोही वापरा.

८. टिपण लिहा

क्रम असा ठेवा: ठिकाण, शिल्पाची जागा, दिसणारे अवयव, नसलेले किंवा तुटलेले अवयव, त्या मुलखातलं नाव, आणि शेवटी ऐकीव माहिती वेगळी. पुढच्या प्रदर्शनात मी जंजिऱ्याचा तोच फोटो पुन्हा लावला. खालची पाटी अशी होती:

‘जंजिरा, मुख्य दरवाजाच्या बाजूची भिंत. तोंड सिंहाचं, जबडा उघडा. चोच नाही. चार पाय, पंजांत हत्ती. शेपटी वर वळलेली. शरभ. ऐकीव: होडीवाले हत्तींचे अर्थ वेगवेगळे सांगतात.’